बंब येण्याआधीचं मतदान

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओबायन कौंटीच्या (कौंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) ग्रामीण भागात एका घराला आग लागली. घरच्यांनी फोन केले, पण साउथ फुल्टन या जवळच्या गावचं अग्निशमन दल आधी आलंच नाही. आग शेजाऱ्याच्या रानाकडे सरकली तेव्हा बंब आला, कारण शेजाऱ्याने पैसे भरलेले होते. जवानांनी शेजाऱ्याचं रान वाचवलं आणि पेटलेलं घर डोळ्यांदेखत जळू दिलं. गावाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांनी या सेवेसाठी वर्षाला ७५ डॉलर वर्गणी भरायची, असा तिथला नियम होता. या घराची वर्गणी राहिली होती. घरमालक जागेवर पैसे द्यायला तयार होता, तरी नियम म्हणजे नियम.

देशभर संताप उसळला. जवानांना दूषणं देणं सोपं होतं. पण त्यांच्याही बाजूचा युक्तिवाद होता. आग लागल्यावरच पैसे भरायचे ठरले तर आधी कोण भरणार? मग गाडीचं डिझेल, पाइप आणि प्रशिक्षण कशातून होणार? शहराची हद्द संपली की आग कोणी विझवायची आणि खर्च कोणी सोसायचा, हा अमेरिकेतल्या खेड्यांचा जुना प्रश्न आहे. वर्गणी हे त्याचं एक उत्तर. दुसरं उत्तर अधिक टिकाऊ आहे. सगळ्यांनी मिळून कर भरायचा, त्यातून दल उभं करायचं आणि त्या पैशावर लक्ष ठेवायला आपल्यातलीच माणसं निवडून द्यायची. या व्यवस्थेला तिकडे ‘फायर डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. तिच्या मंडळाची निवडणूक ही अमेरिकेतल्या सर्वांत दुर्लक्षित निवडणुकांपैकी एक आहे.

आगीपुरतं सरकार

अमेरिकेत एकाच कामासाठी स्थापन केलेल्या स्थानिक संस्था हजारोंनी आहेत. कुणी फक्त पाणीपुरवठा पाहतं, कुणी ग्रंथालय, कुणी स्मशानभूमी. २०२२ च्या सरकारी गणनेत अशा विशेष संस्थांची संख्या ३९ हजारांच्या पुढे गेली. त्यांत आगीपासून संरक्षण करणाऱ्या संस्थांचा गट फार मोठा आहे. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे इथे वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण घेऊ. राजधानी वॉशिंग्टन डीसी वेगळी. हे राज्य पश्चिम किनाऱ्यावरचं, सिएटल शहराचं.

तिथला फायर डिस्ट्रिक्टचा कायदा १९३९ सालचा आहे. एखाद्या ग्रामीण पट्ट्यातल्या दहा टक्के मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, कौंटीने सुनावणी घ्यायची, मग मतदान. पाचातल्या तिघांनी होकार दिला तर डिस्ट्रिक्ट अस्तित्वात येतो. त्याला सहसा कौंटीचं नाव आणि एक क्रमांक मिळतो. त्याला कर लावायचा, जमीन आणि गाड्या घ्यायचा, माणसं नेमायचा, करार करायचा अधिकार असतो. काही डिस्ट्रिक्टांकडे स्वतःचा एकही बंब नसतो. ते शेजारच्या शहराशी करार करून सेवा विकत घेतात. काही भाग तर असेही आहेत की जिथे कुठलाच डिस्ट्रिक्ट नाही. तिथे घर बांधणाऱ्याने आपल्या घराचं आपणच बघायचं.

या डिस्ट्रिक्टांचा कणा म्हणजे स्वयंसेवक. अमेरिकेत ही परंपरा बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या ‘युनियन फायर कंपनी’पर्यंत मागे जाते. देशात २०२० मध्ये सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशमन जवान होते आणि त्यांतले सुमारे ६ लाख ७७ हजार स्वयंसेवक होते. म्हणजे तिघांतले दोघं दिवसभर शेती, दुकान, शाळा किंवा गॅरेज सांभाळणारे आणि पेजर वाजला की धावणारे. १९८४ मध्ये हाच स्वयंसेवकांचा आकडा नऊ लाखांच्या घरात होता. ही घट पुढच्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे.

तीन खुर्च्या, सहा वर्षं

छोट्या डिस्ट्रिक्टचा कारभार तीन निवडून आलेल्या कमिशनरांकडे असतो. मोठ्या ठिकाणी ते पाच किंवा त्याहून जास्त असू शकतात. मुदत सहा वर्षांची. तिन्ही जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. दर दोन वर्षांनी, विषम साली, नोव्हेंबरात एकेक जागा मतदानाला येते. उमेदवार त्याच डिस्ट्रिक्टात राहणारा नोंदणीकृत मतदार असावा लागतो. पक्षाचं चिन्ह नाही, झेंडा नाही. अर्ज मे महिन्यातल्या ठरलेल्या आठवड्यात कौंटीकडे भरायचा. बैठकीच्या भत्त्यावर काम करणाऱ्या पदाला अर्जाची फी नसते, त्यामुळे इथे फीही लागत नाही. दोनपेक्षा जास्त उमेदवार उभे राहिले तरच ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी होते.

मोबदला म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण दीडशे डॉलरचा भत्ता आणि त्यालाही वर्षाची कमाल मर्यादा. बरेच जण तोही सोडून देतात. राज्यात मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, सोबत उमेदवारांची छोटी निवेदनं असलेली पुस्तिका असते. फायर कमिशनरची ओळ मात्र नगरपालिका, शाळा मंडळ, बंदर मंडळ यांच्या गर्दीत कुठेतरी खाली सापडते. पुष्कळदा तिथे एकच नाव असतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की त्याचा अभिमान मिरवतात. तिथे बिनविरोध हा बहुधा निरुत्साहाचा परिणाम असतो. कधी कुणीच अर्ज भरत नाही किंवा मध्येच कुणी राजीनामा देतो. मग उरलेले सदस्य नव्वद दिवसांत एखाद्याला नेमतात. ते जमलं नाही तर कौंटी नेमते.

या खुर्चीला एक विलक्षण बंधन आहे. वॉशिंग्टनच्या १९७१ च्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार मंडळाचं बहुमत जिथे कारभाराबद्दल बोलेल ती बैठक ठरते, आणि बैठक जनतेला खुली हवी. तीन जणांच्या मंडळात दोघं म्हणजे बहुमत! त्यामुळे दोन कमिशनर पेट्रोल पंपावर भेटले आणि नव्या बंबाबद्दल बोलू लागले, तर ती बेकायदा बैठक होऊ शकते. छोट्या गावात, जिथे सगळेच एकमेकांच्या रोजच्या वाटेत येतात, तिथे हे पाळणं सोपं नाही. नव्या कमिशनराला या कायद्याचं आणि सार्वजनिक नोंदींच्या कायद्याचं प्रशिक्षण नव्वद दिवसांत घ्यावंच लागतं.

दर हजारी दीड डॉलर

कमिशनरचं खरं काम पैशाचं. वॉशिंग्टनमध्ये फायर डिस्ट्रिक्ट मालमत्तेच्या मूल्यांकनावर दर हजार डॉलरमागे जास्तीत जास्त दीड डॉलर नेहमीचा कर लावू शकतो. चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला सहाशे डॉलर. त्याखेरीज रुग्णसेवेसाठी हजारी पन्नास सेंटपर्यंत वेगळी लेव्ही, म्हणजे जादा कर, मतदारांकडून मंजूर करून घेता येते. ती पहिल्यांदा लावताना साठ टक्के मतं लागतात.

गोम पुढे आहे. २००१ मध्ये मतदारांनी एक जनप्रस्ताव मंजूर केला: संस्थेला करातून मिळणारी एकूण रक्कम वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढवायची नाही, नव्या बांधकामाचा कर तेवढा वेगळा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो रद्द ठरवला आणि विधिमंडळाने त्याच वर्षी तोच नियम पुन्हा आणला. परिणाम हिशेबात दिसतो. पाच लाख डॉलर जमा करणाऱ्या डिस्ट्रिक्टला पुढच्या वर्षी जेमतेम पाच हजार डॉलर जास्त मिळतात. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर नऊ टक्क्यांवर होता. डिझेल, विमा, पोशाख सगळंच महागलं आणि उत्पन्न तिथल्या तिथे राहिलं. जमिनींचे भाव चढले की कराची रक्कम तशीच चढत नाही; उलट हजारामागचा दर खाली घसरतो. मतदाराला वाटतं, माझ्या घराची किंमत दुप्पट झाली म्हणजे दलाला दुप्पट पैसे मिळाले. तसं होत नाही.

घसरलेला दर पुन्हा वर न्यायचा तर मतदारांकडे जावं लागतं. नवं केंद्र किंवा बंब घेण्यासाठी कर्जरोखे काढायचे तर अट आणखी कडक: साठ टक्के होकार हवा आणि मतदानही मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या निदान चाळीस टक्के झालेलं हवं. पंप असलेला नवा बंब आज पाच लाख डॉलरच्या पुढे जातो. म्हणून छोटे डिस्ट्रिक्ट शहरांनी काढून टाकलेल्या जुन्या गाड्या घेतात, केंद्र सरकारच्या २००१ पासून चालू असलेल्या अनुदान योजनेकडे अर्ज करतात, नाही तर पॅनकेकचा नाश्ता ठेवून निधी जमवतात. मतदारांकडे केव्हा जायचं, किती मागायचं, नकार मिळाला तर काय कमी करायचं, हे ठरवणारी माणसं म्हणजे ते तीन कमिशनर.

पाणी, माणसं आणि मिनिटं

ग्रामीण आगीत तीन गोष्टींची टंचाई असते. पहिली पाणी. रस्त्याच्या कडेला हायड्रंट नसतात. जे पाणी असेल ते गाडीत. बंबात हजार गॅलन, म्हणजे ३,८०० लिटरच्या आसपास पाणी असेल आणि एक पाइप मिनिटाला दीडशे गॅलन फेकत असेल, तर टाकी सात मिनिटांच्या आत रिकामी. मग टँकरच्या खेपा सुरू होतात. म्हणून टँकर किती, ते कुठे उभे, भरायची जागा किती मैलांवर, हे निर्णय आगीच्या कित्येक वर्षं आधी अंदाजपत्रकात होतात.

दुसरी टंचाई माणसांची. राष्ट्रीय मानकाप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात चौदा मिनिटांत सहा जवान पोहोचावेत आणि दहापैकी आठ वेळा तसं घडावं, अशी अपेक्षा असते. रात्री हे जमतं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मात्र निम्मे स्वयंसेवक चाळीस मैलांवरच्या नोकरीवर असतात. त्यात सुरक्षेचा नियम आहे: जळत्या घरात दोघं जायचे तर बाहेर दोघं तयार हवेत. आत कुणी अडकलेलं नसेल आणि तिघंच पोहोचले असतील, तर त्यांनी बाहेरूनच लढायचं. अडीच हजारांहून कमी वस्तीच्या गावांत साधारण तिघांतला एक जवान पन्नाशी ओलांडलेला आहे. नव्या मुलाला उभं करायचं तर बऱ्याच ठिकाणी शंभराहून अधिक तासांचं प्रशिक्षण लागतं, तेही नोकरी-संसार सांभाळून.

तिसरी टंचाई वेळेची, कारण दलाचा वेळ आगींपेक्षा इतर कामांतच जास्त जातो. देशभरातल्या अग्निशमन दलांकडे येणाऱ्या हाकांपैकी जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय मदतीच्या असतात. प्रत्यक्ष आगी चार टक्क्यांच्या आसपास. वैद्यकीय हाका म्हणजे छातीत दुखणं, ट्रॅक्टर उलटणं, म्हाताऱ्या माणसाचं पडणं. मंडळाने बंबावर पैसे घालायचे की रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित माणसांवर, हा वाद त्यामुळे प्रत्येक डिस्ट्रिक्टात असतो.

वणव्यांनी हे गणित आणखी अवघड केलं आहे. ७ सप्टेंबर २०२० रोजी पूर्व वॉशिंग्टनमधल्या माल्डन या जेमतेम दोनशे वस्तीच्या गावावर वाऱ्याने आग लोटली आणि गावातल्या सुमारे ऐंशी टक्के इमारती जळाल्या. त्यांत टपाल कार्यालय होतं, नगरपालिकेची इमारत होती आणि खुद्द अग्निशमन केंद्रही. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं जंगल-रानातल्या आगींशी झुंजतं, पण घर वाचवण्याची पहिली जबाबदारी स्थानिक दलावरच येते.

घर जळलं नाही तरी मतदाराच्या खिशाला हे जाणवतं. राज्यातली एक मानांकन संस्था प्रत्येक भागाला एक ते दहा अशी श्रेणी देते. एक सर्वोत्तम, दहा म्हणजे संरक्षण नसल्यासारखंच. केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांपलीकडचं घर सहसा दहाव्या श्रेणीत जातं. विमा कंपन्या हप्ता ठरवताना ही श्रेणी पाहतात. कमिशनरांनी एखादं केंद्र बंद केलं, तर करात वाचलेले पैसे विम्याच्या हप्त्यात जाऊ शकतात.

उभं कोण राहतं?

पहिला प्रकार दलातल्याच माणसाचा: आजी-माजी स्वयंसेवक. त्याला कुठल्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह गळतो हे पाठ असतं. वॉशिंग्टनचा कायदा कमिशनराला विनामोबदला स्वयंसेवक जवान राहू देतो. इथे एक अवघड पेच तयार होतो. आगीच्या जागी तो फायर चीफचा, म्हणजे दलप्रमुखाचा, हुकूम पाळणारा जवान असतो आणि महिन्याच्या बैठकीत त्याच चीफचा मालक. ही सीमारेषा ज्याला कळत नाही, तो बैठकीत आपल्या मित्रांची बाजू लढवतो आणि आगीच्या जागी चीफला शिकवू लागतो. मंडळाने धोरण, अंदाजपत्रक आणि चीफची नेमणूक पाहायची. आगीवर कमिशनराचा हुकूम चालत नाही.

दुसरा प्रकार कर कमी करू म्हणणारा. त्याचे प्रश्न पुष्कळदा रास्त असतात, कारण लोकांचा पैसा आहे आणि छोट्या संस्थेत हिशेब ढिला पडायला वेळ लागत नाही. पण तो कुठला खर्च कापणार हे सांगत नसेल, तर तो बंब यायला वाढणाऱ्या मिनिटांची किंमत लपवतो आहे असं समजावं.

तिसरा शहरातून निवृत्त होऊन पाच-दहा एकर घेऊन आलेला. त्याला शहरासारखा पाच मिनिटांत बंब हवा असतो. त्याच्याकडे बरेचदा हिशेबाचा, कायद्याचा किंवा व्यवस्थापनाचा अनुभव असतो आणि गावाला त्याची गरजही असते. कुठल्या घरी कोण स्वयंसेवक आहे हे मात्र त्याला शिकावं लागतं. चौथा एकाच रागापोटी उभा राहतो: चीफला काढलं, केंद्र हलवलं, मुलाला दलात घेतलं नाही. राग पहिल्या काही बैठकांत निवतो, मुदत मात्र सहा वर्षांची असते.

अलीकडे वादाचा मोठा मुद्दा विलीनीकरणाचा आहे. दोन-तीन लहान डिस्ट्रिक्टांनी एकत्र यावं, किंवा २००४ च्या कायद्यानुसार शहरासह प्रादेशिक दल उभारावं, असा प्रस्ताव आला की उमेदवारांची फळी लगेच दुभंगते. एकत्र आल्याने दिवसाची पगारी पाळी परवडू शकते, एकाच चीफवर भागतं, खरेदी स्वस्त पडते. उलट बाजूला भीती खरीच असते: आपल्या वळणावरचं केंद्र बंद पडेल, निर्णय तीस मैलांवर जातील आणि ‘आपलं’ दल राहिलं नाही म्हणून उरलेले स्वयंसेवकही गळतील.

मतदाराने काय विचारावं?

सिएटलच्या परिसरात स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही विषम सालच्या मतपत्रिकेत फायर कमिशनरची ओळ दिसू शकते. ती कोरी सोडण्याआधी उमेदवाराला चार प्रश्न विचारता येतात. कामाच्या दिवशी दुपारी हाक आली तर सरासरी किती जण आणि किती मिनिटांत पोहोचतात? सर्वांत जुना बंब कुठल्या सालचा आणि तो बदलायला राखीव निधी किती? गेल्या तीन वर्षांत किती स्वयंसेवक आले आणि किती सोडून गेले? मतदारांनी लेव्ही नाकारली तर पहिली कात्री कशाला लावणार? उत्तरं आकड्यांत आली तर उमेदवाराने गृहपाठ केला आहे. ‘मला गावाची सेवा करायची आहे’ एवढंच आलं, तर पुढचं नाव पाहावं. राज्याचा लेखापरीक्षक या संस्थांचे हिशेब ठरावीक काळाने तपासतो आणि त्याचा अहवाल सर्वांना खुला असतो. आधीपासून खुर्चीवर असलेल्या उमेदवाराची परीक्षा तिथेच होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातून एक गोष्ट ताडून पाहता येते. आपल्या राज्यघटनेत शहरांच्या संस्थांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत ‘अग्निशमन सेवा’ असा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. गोव्यात राज्य सरकारचं स्वतंत्र अग्निशमन खातं आहे. महाराष्ट्रात मात्र ही सेवा मुख्यतः महापालिका, नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतींच्या दलांकडे आहे. गंजी पेटली, उसाच्या फडाला आग लागली की खेड्यातला माणूस तालुक्याच्या नगरपालिकेला किंवा साखर कारखान्याला फोन लावतो. बंब येतोही, पण तो किती वेळात यावा, याचा जाब गावाने कुणाला विचारायचा?

अमेरिकेतली व्यवस्था आदर्श नाही. जिथे उमेदवारच मिळत नाहीत, ती लोकशाही कागदावरच जास्त आहे. तरी तिथे एक गोष्ट पक्की आहे: बंब उशिरा आला तर कुणाला विचारायचं, ते नाव मतपत्रिकेवर छापलेलं असतं. पुढच्या ग्रामसभेत आपणही एवढं तरी विचारावं: आपल्या गावासाठी सर्वांत जवळचा बंब कुठे उभा असतो, तो यायला किती वेळ लागतो आणि तोवर गावात पाण्याचा टँकर, पंप आणि तो चालवणारी चार माणसं तयार आहेत का. आग लागल्यावर हे प्रश्न विचारायला वेळ नसतो.